ताबा मिळेपर्यंत आणि मिळाल्यावर: थोड्या पैशात पहिलं घर कसं लावावं

नव्या फ्लॅटच्या कराराची नोंदणी झाली की नातेवाईकांचा पहिला प्रश्न येतो, ‘फर्निचर कधी करणार?’ आमचा फ्लॅट गोव्यात कुर्टीला, फोंड्याच्या बाजारापासून जवळ. नवरा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कामाला, मी एका हायस्कूलच्या प्रयोगशाळेत. जुन्या खोलीचं भाडं आणि बँकेचा हप्ता एकदमच भरत होतो, आणि घर लावायला म्हणून बाजूला काढलेले होते दीड लाख रुपये. एवढ्यात घर लागतं. फक्त खर्चाचा क्रम फर्निचरवाले सांगतात त्याच्या उलटा ठेवावा लागतो: आधी भिंतीच्या आत जाणाऱ्या गोष्टी, मग रोज हाताला लागणाऱ्या वस्तू, आणि भिंतीला टेकणारं लाकूड अगदी शेवटी, एक पावसाळा काढून झाल्यावर.

पावसाळा मधे आणते कारण आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. नव्या बांधकामाच्या भिंतीत, प्लास्टरमध्ये आणि टाइल्सखालच्या थरात आधीच भरपूर पाणी असतं. ते बाहेर पडायला वेळ आणि वारा लागतो. मे महिन्यात ताबा घेतला आणि त्याच महिन्यात भिंतीला चिकटून प्लायवूडचं कपाट ठोकलं, तर त्यामागे वारा फिरत नाही, भिंतीतली ओल कपाटाच्या पाठीत उतरते आणि चवथीपर्यंत, म्हणजे गणपतीपर्यंत, कपड्यांना बुरशीचा वास लागतो. शेजारच्या इमारतीत हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि ते कपाट चांगलं महागातलं होतं.

आता काम चालू असतानाचं सांगते, कारण सर्वांत जास्त पैसे इथे वाचतात.

विटांच्या भिंती उभ्या राहिल्या आणि प्लास्टर व्हायचं आहे, तो काळ सोडू नका. बिल्डरच्या माणसाची परवानगी घेऊन साइटवर जा, टेप घेऊन जा, आणि प्रत्येक खोलीत खडूने खुणा करा: खाट इथे, फ्रीज इथे, वॉशिंग मशीन इथे. मग विजेचे पॉइंट त्या खुणांशी जुळतात का ते बघा. ब्रोशरच्या नकाशात सोफा आणि पलंग काढलेले असतात, त्यांच्या भरवशावर राहू नका. गीझर, एसी, वॉशिंग मशीन आणि मायक्रोवेव्हला १६ अँपिअरचा प्लग लागतो. टीव्ही, मिक्सर, चार्जर यांना ६ अँपिअरचा पुरतो. एसी आज घेणार नसलात तरी त्याची वायर आजच भिंतीतून ओढून घ्या. नंतर भिंत फोडणं, वायर घालणं, पुन्हा प्लास्टर आणि पुन्हा रंग, हे सगळं त्या पॉइंटच्या किमतीच्या कितीतरी पट जातं. इन्व्हर्टरचंही तसंच. पावसात झाड पडून लाइन गेली की तास न् तास येत नाही, हे फोंड्याकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. इन्व्हर्टर दोन वर्षांनी घ्या, पण त्याची वेगळी वायर प्रत्येक खोलीतल्या एका पंख्याला आणि एका दिव्याला आताच टाकून ठेवा.

जादा पॉइंटचा दर बिल्डरकडून आधी लेखी घ्या. कोणत्या खोलीत किती आणि कुठे, हे कागदावर मांडून दोघांची सही. तोंडी सांगितलेलं कंत्राटदार बदलला की हवेत जातं.

वायरीच्या नळ्या आणि पाण्याचे पाइप बसले की प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, भिंतीला टेप लावून, म्हणजे जमिनीपासून आणि कोपऱ्यापासूनचं अंतर फोटोत वाचता येईल. पुढे खिळा ठोकताना, पडद्याचा रॉड लावताना हेच फोटो उघडायचे. स्लॅब भरायच्या आधी तिथे जाता आलं तर त्याचेही काढा. तुमची चवथ फ्लॅटमध्येच होणार असेल तर ते नक्की उपयोगी पडतील. नारळ, सुपाऱ्यांचे घोस, फळं मिळून माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या चौकटीचं, वजन बरंच होतं आणि तिच्यासाठी स्लॅबला चार मजबूत हूक लागतात. हूक कुठे मारायचे हे वायरी कुठून गेल्यात ते बघूनच ठरवावं लागतं. बाल्कनीच्या छतालाही कपडे वाळवायच्या पुलीसाठी हूक घ्या. चार महिने कपडे तिथेच वाळायचे आहेत.

मापं मात्र विटांवरून घेऊन कोणालाही ऑर्डर देऊ नका. आतलं प्लास्टर सेंटिमीटरभराहून जास्त जाडीचं असतं, त्यावर कुठे टाइल, खाली स्कर्टिंग. दोन भिंतींमधल्या कोनाड्यात यातच इंचभराहून जास्त जागा जाते, आणि नेमकं मापून बनवलेलं कपाट मग आत जात नाही. खुणांसाठी विटांची मापं चालतील. मेस्ताला, म्हणजे सुताराला, द्यायची मापं रंग झाल्यावरची.

स्वयंपाकघरात मॉड्युलर किचनचा हट्ट सोडला आणि दीड लाखाचं गणित सुटलं. ओट्याखाली कडप्प्याचे उभे-आडवे कप्पे करून घेतले. कडप्पा फुगत नाही, वाळवी लागत नाही, रोज ओल्या फडक्याने पुसता येतो. दारांच्या जागी पहिलं वर्षभर जुन्या सुती साडीचे पडदे लावले होते आणि ते छान दिसायचे. आता ॲल्युमिनियमच्या चौकटीची दारं आहेत. आमच्या आईची पिढी अशाच ओट्यांवर जेवण रांधत होती आणि त्या ओट्यांना अजून काही झालेलं नाही. कुठे प्लाय वापरायचाच असेल, विशेषतः सिंकजवळ, तर शीटवर आयएस ७१० चा शिक्का बघा. हा पाण्यात टिकणारा मरीन प्लाय. स्वस्त पडतो तो आयएस ३०३ मधला एमआर ग्रेडचा, तो कोरड्या खोलीसाठी ठीक आहे. शिक्का शीट कापायच्या आधी बघायचा. सनमायका चढल्यावर आत काय आहे ते कळायला मार्ग नाही.

वाट बघण्याच्या काळात दिवाळीच्या आणि चवथीच्या ऑफर खुणावतात. फ्रीज, वॉशिंग मशीन आत्ता घेऊन ठेवावं असं वाटतं. त्याची वॉरंटी बिलाच्या तारखेपासून मोजली जाते, खोका उघडल्यापासून नाही, आणि बांधकाम लांबलं तर वॉरंटीचा बराच भाग खोक्यातच संपतो. मी एक नियम ठेवला होता: आज भाड्याच्या खोलीत वापरता येईल तेच आज विकत घ्यायचं. त्या नियमात प्रेशर कुकर बसला, मिक्सर बसला, कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखेही बसले. साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास वीज घेतो, हा तीसेक वॅट. जुन्या खोलीतले घरमालकाचे पंखे उतरवून नीट ठेवले, आमचे लावले, आणि निघताना उलट केलं. गादी मात्र घेतली नाही. मूळ घराच्या माळ्यावर ठेवलेली गादी एका पावसात काय होते ते गावातल्या प्रत्येकाला माहीत आहे.

जुन्या वस्तूंकडे कमीपणाने बघू नका. आमच्या चार खुर्च्या कळंगुटकडच्या एका गेस्ट हाऊसने सीझन संपल्यावर काढलेल्या आहेत. किनाऱ्याजवळचं लोखंड घेताना वस्तू उलटी करून सांध्यांवर गंज आहे का बघायचं, वरचा रंग काहीच सांगत नाही. फ्रीजची मागची खालची बाजूही तशीच तपासायची. लाकडाचं कळतं ते पायांवरून. बोटाने ठोकून पोकळ आवाज येतो का, मातीच्या बारीक नळ्या दिसतात का, खाली पिठासारखी ताजी भुकटी पडली आहे का. भुकटी दिसली तर कितीही स्वस्त असो, घरात आणू नका, ती कीड बाकीच्या लाकडाकडे जाते.

गावातल्या जुन्या घरांत फणसाच्या नाहीतर सागवानाच्या खाटा असतात. घर मोडायला काढलं की त्या कवडीमोलाने जातात. आमची खाट नवऱ्याच्या मामाच्या घरातली, फणसाची, रंग आता गडद तांबूस झालेला. मामींनी पैसे घेतले नाहीत. मेस्ताकडून एक आडवी पट्टी बदलून घेतली आणि पॉलिश मी स्वतः केलं. जुन्या खाटेचं आतलं माप आजच्या गाद्यांशी जुळतंच असं नाही, म्हणून खाट आधी, माप नंतर, गादीची ऑर्डर सगळ्यांत शेवटी. गादी काथ्याची घेतली, कडक आहे, पण दमट हवेत कापसाच्या गादीसारखी जड होत नाही.

नवं लाकूडच हवं असेल तर फेस्ताची फेरी, म्हणजे चर्चच्या सणाला भरणारा बाजार, बघा. ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त असतं, म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीचं ईस्टरनंतर, आणि अशा फेऱ्यांत लाकडी खाटा, मेजं, कपाटं मांडलेली असतात. पॉलिश न केलेला नग मागा, म्हणजे गाठी आणि भेगा दिसतात. उचलून बघा. आकाराच्या मानाने फार जड लागला तर लाकूड अजून ओलं आहे, घरी येऊन वाळताना ते तडकेल.

नातेवाईकांना गृहप्रवेशाला काय द्यायचं ते मोकळेपणाने सांगा. सासूबाईंनी विचारलं तेव्हा मी ‘तुम्हाला वाटेल ते’ म्हटलं नाही, ‘आई, एक पाट आणि मोठं पातेलं द्या’ म्हटलं. त्यांना बरं वाटलं. काका-आत्यांनी मिळून गीझर दिला. भिंतीवरच्या तसबिरी आणि घड्याळं आली तीही प्रेमाने ठेवली, पण अगोदर विचारणाऱ्याला गरज सांगणं हा त्याच्याही पैशांचा मान आहे.

ओसी, म्हणजे पंचायतीचा किंवा पालिकेचा वापर परवाना, हातात आल्याशिवाय सामान हलवू नका. रेरा, म्हणजे घरं घेणाऱ्यांच्या हक्कांसाठी केलेल्या कायद्यानुसार ओसी मिळाल्यापासून दोन महिन्यांत आपण ताबा घ्यायचा असतो, म्हणजे घाई करायचं कारण नाही. ताब्याच्या दिवशी मोबाइलचा चार्जर घेऊन प्रत्येक प्लग तपासा आणि बाथरूममध्ये व बाल्कनीत बादलीभर पाणी ओतून ते जाळीकडे जातं की दाराकडे, ते बघा. सापडलेल्या उणिवा लेखी द्या. रेरा कायद्यात ताब्यापासून पाच वर्षांपर्यंतच्या बांधकामातल्या दोषांची जबाबदारी बिल्डरवर आहे, आणि कळवल्यावर तीस दिवसांत त्याने ते स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचे असतात. पहिल्या पावसात खिडकीच्या कडेने पाणी झिरपलं की हे कलम कामाला येतं. भिंतीसमोर कपाट नसेल तर ते पाणी दिसतं तरी.

पहिला पावसाळा आम्ही कपाटाविना काढला. कपडे लोखंडी रॅकवर, रॅक भिंतीपासून वीतभर पुढे, खाटही तशीच. उघडीप मिळाली की समोरासमोरच्या खिडक्या उघड्या. ऑक्टोबरचं ऊन पडलं की भिंतीची परीक्षा घ्या: हातभर लांब-रुंद जाड प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बंद करून भिंतीवर एक दिवस ठेवा. काढल्यावर प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब दिसले किंवा भिंत काळवंडली असेल, तर अजून थांबा आणि महिन्याने पुन्हा लावा. प्रत्येक खोलीची, विशेषतः बाथरूमला लागून असलेल्या भिंतीची, वेगळी परीक्षा. आमची बेडरूमची भिंत दिवाळीच्या आधी कोरडी निघाली, बाथरूमकडची जानेवारीत. त्या क्रमानेच मेस्ताला बोलावलं, आणि दोन्ही कपाटांच्या पाठीमागे दोन बोटं जागा सोडून घेतली.