शाळा उघडायच्या आधीचे पंधरा दिवस गोव्यातच काढा

महाराष्ट्रातून बदलीवर येणारी मंडळी बहुतेक एप्रिल-मेमध्ये गोव्यात येतात. सामान लागतं न लागतं तोच घरात विषय निघतो, मुलांना सुट्टी आहे, चला गावी. आम्हीही तेच केलं. चौदा वर्षांपूर्वी फोंड्याला आलो, खोकी तशीच ठेवून घराला कुलूप लावलं आणि महिनाभर कोल्हापूरला जाऊन राहिलो. परतलो ते शाळा उघडायच्या आदल्या रात्री, धो धो पावसात. त्या चुकीची किंमत माझ्या मुलाने दिवाळीपर्यंत मोजली.

तो तेव्हा सहा वर्षांचा होता. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या आजींचा डबा परत द्यायला त्याला पाठवलं. पळत गेला होता, धापा टाकत होता. आजींनी मायेने विचारलं, "उदक जाय?" त्याने त्यातलं फक्त 'जाय' ऐकलं. डबा पायरीवर ठेवून रडत घरी आला आणि म्हणाला, "आई, त्यांनी मला जा म्हटलं." कोंकणीत 'जाय' म्हणजे 'हवं'. आजी पाणी हवं का विचारत होत्या, आणि आमचं पोर हाकलून दिल्यासारखं तोंड करून बसलं होतं.

शाळेत तेच. मुलं "तुका कितें जाय?" म्हणायची आणि हा मागे सरकायचा. माध्यम मराठी होतं, बाई चांगल्या होत्या, पण मधल्या सुट्टीत सगळा वर्ग कोंकणीत खेळायचा. हा भिंतीला टेकून उभा. आणि जून-जुलैत पाऊस असा लागतो की संध्याकाळी अंगणात चिटपाखरू दिसत नाही. ओळख करायची कुणाशी आणि कुठे? मेमध्ये तीच मुलं दिवेलागणीपर्यंत वाड्यावर, म्हणजे वस्तीत, हुंदडत असतात. तेव्हा आम्ही रंकाळ्यावर भेळ खात होतो.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे. गावी जायचं तर मेच्या पहिल्या पंधरवड्यात जाऊन या. शेवटचे पंधरा दिवस गोव्यात काढा. आजी-आजोबांना वाईट वाटेल, त्यांनाच इकडे बोलवा. २०२५ पासून वरच्या काही इयत्तांचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होऊ लागलं, त्यामुळे मोठ्या मुलांची वर्गाशी तोंडओळख आधी होते. पण मे सुट्टीचाच राहिला आणि शाळा पुन्हा भरते ती जूनमध्येच.

या पंधरा दिवसांत रोज काय करायचं? सगळ्यात आधी मुलाला पदेराकडे पाठवा. सकाळ-संध्याकाळ सायकलवर हॉर्न वाजवत पाव विकणारा येतो तो पदेर. मुलाच्या हातात पैसे आणि पिशवी द्या, स्वतः दारात उभ्या राहू नका. उंडो, काकणां, पोळी ही नावं तो तिथेच शिकेल. इथे पोळी म्हणजे कोंड्याचा पोकळ पाव, आपली घडीची पोळी नव्हे. तिथेच बाकीची पोरंही जमलेली असतात. आमच्या धाकटीची पहिली मैत्रीण अशीच पावाच्या रांगेत झाली. जाय, नाका (नको), म्हाका (मला), फाल्यां (उद्या), खंय (कुठे), कितें (काय), एवढ्या सहा शब्दांवर तिचं पहिलीतलं जूनभर भागलं.

भाषेवरून आपल्या लोकांना एक सांगायचंच आहे. कोंकणी ही मराठीची बोली, असं इथे कुणाच्या ओसरीवर बसून बोलू नका. मुलांसमोर तर नकोच, ती तेच शाळेत बोलतात. १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला, १९८७ मध्ये कोंकणी राजभाषा झाली, त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा राज्य झालं. या गोष्टी घराघरांत जिवंत आहेत. आणि त्याच घरांत भजनं मराठीत होतात, जत्रेत नाटक मराठी होतं, सकाळी मराठी वर्तमानपत्र येतं. ज्यांनी आपल्या भाषेला इतकं जवळ केलं त्यांच्या भाषेला कमी लेखणं मला सहन होत नाही. आपल्याकडून येणारे कितीतरी जण पंधरा पंधरा वर्षं राहूनही फक्त आपापल्या मंडळाच्या हळदीकुंकवाला भेटतात आणि गोवेकर सुशेगाद, म्हणजे आरामात राहणारे, म्हणून नावं ठेवतात. माझ्या घरमालकीण पहाटे पाचला अंगण झाडून विहिरीवर गेलेल्या असतात.

आता पुरुमेंत. हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला, अर्थ पावसाळ्याची बेगमी. मेच्या अखेरीस सगळा गोवा या कामात असतो, आणि मुलांना घेऊन करण्यासारखं याहून चांगलं काही मला माहीत नाही. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार एकदा तरी सकाळी लवकर गाठा. सुक्या मिरच्यांचे ढीग, कांद्याच्या माळा, चिंचेचे गोळे, सुके बांगडे, सुंगटं म्हणजे कोळंबी, फणसाची साठं. मासे खात असाल तर लक्षात ठेवा, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, सुक्या मासळीला तेव्हा मोल येतं. दक्षिणेत राहत असाल तर मडगावला होली स्पिरिट चर्चजवळ पुरुमेंताचं फेस्त, म्हणजे जत्रा, भरतं, मे अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला. धर्म कोणताही असो, सगळे जातात.

पण नुसती खरेदी करून परतू नका. शेजारी सोलं (आमसुलं) घालत असतील तर मुलांना तिथे बसवा. कोकमाच्या फळांना इथे भिंडां म्हणतात. आजींनी आमच्या दोघांना सुपाच्या दोन बाजूंना बसवलं होतं. मोठा फळ फोडायचा, धाकटी बोटाने बिया आणि गर काढून मिठाच्या भांड्यात टाकायची. साली उन्हात पसरायच्या, संध्याकाळी गोळा करून त्याच रसात बुडवायच्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात. चार-पाच दिवस हे चाललं. मनगटापर्यंत हात लाल, कपड्यांना डाग, आणि तोंडाने अखंड कोंकणी. फणसाच्या आठळ्या, म्हणजे बिकणां, मातीत घोळवून ठेवायलाही धाकटी तेव्हाच शिकली. श्रावणात त्या भाजीत पडल्या की "ही मी ठेवलेली" म्हणून भांडायची. जुने कपडे घालून पाठवा, कोकमाचा डाग जात नाही.

मानकुराद आंबा पाऊस पडायच्या आत खाऊन घ्या, नंतर अळी पडते.

फिरायला जायचं तर तांबडी सुर्ला. कदंबकाळातलं काळ्या बेसाल्टचं महादेवाचं देऊळ, भोवती रान, शेजारी ओहोळ. बोंडलाचं प्राणिसंग्रहालय गुरुवारी बंद असतं, दर वर्षी कुणी ना कुणी गुरुवारीच जाऊन परत येतं. नेत्रावळीची बुडबुड्यांची तळी लांब आहे, पण टाळी वाजवून पाण्यात बुडबुडे शोधताना मुलं उठायला तयार होत नाहीत. दूधसागर धबधबा मेमध्ये बारीक धारेवर आलेला असतो आणि पावसाळ्यात कुळ्याहून तिथे नेणाऱ्या जीपा बंद असतात. तो दिवाळीच्या सुट्टीसाठी ठेवा. जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडी बेटावर जा, लहान मुलांना तेवढीही सहल पुरते. दुपारच्या उन्हासाठी पणजीत पाटोवरचं कृष्णदास शामा ग्रंथालय आहे. १८३२ पासूनची संस्था, मुलांसाठी वेगळा विभाग, मराठी पुस्तकं भरपूर. सभासद आत्ताच व्हा, पावसात उपयोगी पडेल. दुकानं मात्र दुपारी एक ते चार बंद धरूनच बाहेर पडा.

आणि समुद्र. घाटावरून आलेल्यांना वाटतं, गुडघाभर पाण्यात काय होतंय. मेच्या शेवटच्या आठवड्यात समुद्राचा रंग बदलतो, लाटा लांबून उंच होऊन येतात आणि परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेतात. मोठा माणूस तिथे आडवा होतो, मुलाचं काय? लाल झेंडा असेल तर पाऊल भिजवायचं नाही. लाल-पिवळे झेंडे असतील तर त्या दोन झेंड्यांच्या मध्येच थांबायचं, तेही जीवरक्षक कामावर असतानाच. तो शिट्टी वाजवतो तेव्हा आपलेच लोक त्याच्याशी हुज्जत घालतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि मला त्याची शरम वाटली. मिरामारच्या किनाऱ्यावर वाळूत किल्ले करा, पाण्याकडे पाठ करू नका. चिऱ्यांच्या सोडून दिलेल्या खाणींत पाणी साचतं, तिथे पोहायला कुणीही बोलावलं तरी मुलांना पाठवू नका. वरून शांत दिसतं, पण कडा उभ्या कापलेल्या असतात, चढून येता येत नाही.

पावसाची तयारी दोन ओळींत. चामड्याचे बूट घेऊ नका, आठवड्यात बुरशी येते. पावसाळ्यात सँडल चालतात का ते शाळेत विचारा. रेनकोट दप्तरावरून येईल इतका मोठा घ्या आणि आतल्या बाजूला रंगाने नाव घाला, वर्गात एकसारखे वीस असतात.

पहिला वळीव पडून गेला की एखाद्या संध्याकाळी वीज जाईलच. इन्व्हर्टरसाठी धडपडू नका. मुलांना घेऊन वाड्याच्या टोकाला, झाडं दाट आहेत तिथे जा. काजवे लागलेले असतात. शेजारची पोरं आधीच तिथे पोचलेली असतील आणि तुमच्या मुलाला हाक मारून दाखवतील, "पळे, काजुले!" 'पळे' म्हणजे 'बघ'. त्याला पळायला सांगत नाहीत, एवढं मात्र घरून निघतानाच सांगून ठेवा.