ट्रेलर उलाळ होऊ देऊ नका: सामान भरण्याची रीत

बैलगाडीत मागे माल जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. कारमागे ओढायच्या, राहण्याची सोय असलेल्या ट्रेलरचंही तसंच, फक्त उभ्या गाडीत ते लक्षात येत नाही. वेग वाढला की ट्रेलर शेपटी हलवू लागतो, तेव्हा कळतं. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार हिचवर, म्हणजे कारच्या मागे ट्रेलर जोडायच्या आकड्यावर, हवा. 2000 किलोच्या ट्रेलरला 200 ते 300 किलो. कमी पडला तर ट्रेलर डोलतो. जास्त झाला तर कार मागून बसते, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंगवर पकड राहत नाही.

आधी ट्रेलरवरची पाटी वाचा. कमाल वजनातून रिकामं वजन वजा केलं की उरेल तेवढंच सामान, आणि टाकीतलं पाणीही त्यातच धरायचं. हिचवरचा भार कारच्या वहनक्षमतेतही मोजला जातो, हे हमखास विसरलं जातं.

आता भरायला घ्या. जड वस्तू तळाशी, एक्सलच्या वर किंवा किंचित पुढे. साधारण 60 टक्के सामान एक्सलच्या पुढे आलं की बहुतेक वेळा जमतं. डावी-उजवी बाजू सारखी ठेवा, वरच्या कपाटांत कपडे आणि हलकंसलकंच. मग सगळं बांधून टाका. घसरणाऱ्या पेटीने केलेली मांडणी पहिल्याच वळणावर मोडते.

मागच्या टोकाला सायकली लटकवायचा मोह होतो, तो टाळलेला बरा. हिच एक्सलपासून 4 मीटरवर आणि 40 किलोच्या सायकली एक्सलच्या मागे 3 मीटरवर असतील, तर हिचवरचे 30 किलो गेलेच.

अंदाजावर निघू नका, मोजा. सपाट जागी ट्रेलरच्या चाकांना उटी लावा, म्हणजे चाक घरंगळणार नाही अशी अडवण. एक मजबूत फळी घ्या. तिचं एक टोक विटेवर, दुसरं घरच्या वजनकाट्यावर, फळी आडवी समतल. कपलरचा, म्हणजे ट्रेलरच्या हिचला जोडायच्या टोकाचा, भार विटेपासून 1 फुटावर आणि काट्यापासून 2 फुटांवर येऊ द्या. नुसती फळी ठेवल्यावर काटा जो आकडा दाखवतो तो वजा करा आणि उरलेला तिप्पट करा. वजा करून 70 उरले तर भार 210 किलो. कपलर मात्र ओढताना असतो त्याच उंचीवर हवा. ट्रेलरचं एकूण वजन मात्र वाहनं तोलायच्या मोठ्या काट्यावरच कळेल.

वाटेत ट्रेलर डोलू लागलाच तर करकचून ब्रेक दाबू नका, स्टिअरिंगही झटकू नका. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा. ट्रेलरच्या ब्रेकचं बटण वेगळं असेल तर तेवढंच हलकेच दाबा. वेग उतरला की थांबा आणि सामान पुढे सरकवा.

परतीच्या वाटेवर पुन्हा बघा. पुढची पाण्याची टाकी रिकामी आणि मागची सांडपाण्याची भरलेली असेल, तर जाताना नीट चाललेला ट्रेलर येताना उलाळ झालेला असतो. सांडपाणी ठरलेल्या जागी सोडूनच निघा.