फोन बदलण्याआधी: दुरुस्ती आणि पुनर्वापर कसा करावा

स्मार्टफोनमुळे पर्यावरणावर जो भार पडतो, त्याचा सर्वांत मोठा हिस्सा फोन आपल्या हातात येण्याआधीच पडून गेलेला असतो. तांबे, सोने, कोबाल्ट आणि लिथियम खाणीतून काढणे, त्यांचे शुद्धीकरण करणे आणि अतिशुद्ध सिलिकॉनवर चिप घडवणे या कामांत एवढी ऊर्जा आणि एवढे पाणी लागते, की त्यापुढे फोन चार्ज करण्याची वर्षभराची वीज किरकोळ ठरते. म्हणूनच फोनचे आयुष्य वाढवणे हा ई-कचरा कमी करण्याचा सर्वांत परिणामकारक मार्ग आहे. जो फोन दोन वर्षांऐवजी चार वर्षे चालतो, त्याच्या निर्मितीचा भार दुप्पट काळावर विभागला जातो आणि तेवढ्या काळात आणखी एक फोन तयार करण्याची गरज उरत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या जागतिक अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यापैकी केवळ २२.३ टक्के कचऱ्याचे संकलन व पुनर्चक्रीकरण रीतसर झाल्याची नोंद आहे. उरलेला पुष्कळसा कचरा कचराभूमीत जातो, उघड्यावर जाळला जातो किंवा घराघरांतील कपाटांत पडून राहतो. पुनर्चक्रीकरण आवश्यक आहेच, पण त्याच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. त्यातून तांबे आणि सोने बऱ्यापैकी परत मिळते, मात्र स्पीकरच्या आणि कंपन देणाऱ्या मोटरच्या चुंबकांतील दुर्मीळ मृदा धातू जवळजवळ पूर्णपणे वाया जातात. चालू शकणारा फोन भट्टीत पाठवणे म्हणजे त्यातील सर्वांत मौल्यवान गोष्ट, म्हणजे त्याची सूक्ष्म जुळणी, कायमची गमावणे होय.

पहिली पायरी दोष ओळखण्याची आहे, आणि ती घाईने उरकू नये. फोन चार्ज होत नसेल, तर प्रथम चार्जर आणि केबल बदलून पाहावी. तरीही फरक पडला नाही, तर फोन बंद करून चार्जिंग पोर्टमध्ये प्रकाश टाकून पाहावे. खिशातील कापसाचे तंतू आणि धूळ तिथे साचून घट्ट थर बसतो आणि केबलची पिन पूर्ण आत जात नाही. हा थर लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या बारीक काडीने हळूहळू काढावा. सुई किंवा टाचणी कधीही वापरू नये, कारण तिने आतील संपर्कबिंदू वाकतात आणि शॉर्ट सर्किट होऊन फोन निकामीही होऊ शकतो. आवाज दबका येत असेल, तर स्पीकरची जाळी मऊ आणि कोरड्या ब्रशने झाडावी. बिघडला म्हणून बाजूला ठेवलेले कितीतरी फोन एवढ्या स्वच्छतेनेच पुन्हा चालू लागतात.

फोन संथ झाला असेल, तर दोष बहुधा साठवणीत किंवा एखाद्या ॲपमध्ये असतो. साठवणीची जागा काठोकाठ भरली की संपूर्ण प्रणाली मंदावते, म्हणून साधारण दहा ते पंधरा टक्के जागा मोकळी ठेवावी. अँड्रॉइड फोन ‘सेफ मोड’मध्ये सुरू केल्यास बाहेरून घेतलेली ॲप तात्पुरती बंद राहतात. त्या अवस्थेत फोन नीट चालला, तर दोष यंत्रात नसून एखाद्या ॲपमध्ये आहे, हे स्पष्ट होते. शेवटचा उपाय म्हणून सर्व माहितीचा बॅकअप घेऊन फॅक्टरी रीसेट करावा, म्हणजे फोनमधील सारे पुसून तो मूळ अवस्थेत आणावा.

बॅटरीकडे मात्र विशेष लक्ष द्यायला हवे, कारण चांगले फोन अकाली बाद होण्यामागे तिचा मोठा वाटा असतो. लिथियम-आयन बॅटरी प्रत्येक चार्जिंग चक्रात थोडी झिजते. अनेक फोनांच्या बॅटऱ्या सुमारे ५०० पूर्ण चक्रांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांवर येतात. काही नव्या बॅटऱ्या याहून अधिक टिकतात. झिजलेल्या बॅटरीचा अंतर्गत रोध, म्हणजे वीज वाहण्यास आतून होणारा अडथळा, वाढतो, त्यामुळे कॅमेरा उघडणे किंवा नकाशा पाहणे अशा जड कामाच्या वेळी तिचे व्होल्टेज एकदम घसरते आणि वीस-तीस टक्के चार्ज दिसत असतानाही फोन अचानक बंद पडतो. असे होऊ नये म्हणून काही फोन आपला प्रोसेसर जाणूनबुजून मंद करतात. वापरणाऱ्याला वाटते की फोनच जुना झाला, आणि तो नवा फोन घेतो. प्रत्यक्षात गरज असते ती फक्त नव्या बॅटरीची. सेटिंग्जमध्ये ‘बॅटरी हेल्थ’ दाखवण्याची सोय असेल, तर नव्या फोनचा विचार करण्यापूर्वी तो आकडा अवश्य पाहावा.

झीज लांबवताही येते. उष्णता हा बॅटरीचा सर्वांत मोठा शत्रू आहे, म्हणून फोन उन्हात, बंद गाडीत किंवा उशीखाली चार्ज करू नये. चार्ज शक्यतो २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावा, आणि चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असल्यास ती चालू करावी. बॅटरी फुगली असेल, म्हणजे मागचे झाकण उचलले गेले असेल किंवा पडदा कडेने वर आला असेल, तर फोन ताबडतोब बंद करावा, चार्जिंगला लावू नये, फुगवटा दाबू किंवा टोचू नये आणि तो जाणकार कारागिराकडेच द्यावा. या बाबतीत घरगुती प्रयोगाला जागा नाही, कारण फुटलेली बॅटरी पेट घेते.

ज्यांना फोन स्वतः उघडायचा आहे, त्यांनी आधी नेमक्या त्याच मॉडेलची सचित्र दुरुस्ती-पुस्तिका शोधावी. आयफिक्सिटच्या संकेतस्थळावर अशा पुस्तिका मोठ्या संख्येने मोफत मिळतात, आणि काही उत्पादकही आता त्या स्वतः उपलब्ध करून देतात. फोन उघडण्यापूर्वी चार्ज २५ टक्क्यांखाली आणावा, कारण भरलेली बॅटरी चुकून दुखावली गेली तर आगीचा धोका अधिक असतो. मागचे झाकण किंवा पडदा चिकट पट्टीने बसवलेला असतो. ती पट्टी हलक्या उष्णतेने मऊ करून प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने कडा सावकाश मोकळ्या कराव्यात. काढलेला प्रत्येक स्क्रू कागदावर फोनची आकृती काढून त्याच्या जागीच ठेवावा, कारण स्क्रूंच्या लांबीत अर्ध्या मिलिमीटरचाही फरक असतो आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी आवळला तर तो मदरबोर्डला, म्हणजे फोनच्या मुख्य सर्किट फलकाला, भोक पाडू शकतो. आत गेल्यावर सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवावा आणि मगच इतर भागांना हात लावावा. एकदा उघडलेला फोन पूर्वीइतका जलरोधक राहत नाही, हेही लक्षात ठेवावे.

पाण्यात पडलेल्या फोनबाबत एक समज फार पसरला आहे, की तो तांदळात ठेवला म्हणजे बरा होतो. तांदूळ आतले पाणी शोषून घेत नाही, उलट त्याची पूड आणि कण पोर्टमध्ये शिरतात. फोन लगेच बंद करावा, सिमचा ट्रे काढावा, पोर्ट खाली करून पाणी निथळू द्यावे आणि फोन हवेशीर जागी ठेवावा. सुकल्याची खात्री होईपर्यंत तो चार्ज करू नये. समुद्राचे किंवा साबणाचे पाणी गेले असेल, तर केवळ सुकवून भागत नाही, कारण मागे उरलेले क्षार सर्किट गंजवत राहतात. अशा वेळी कारागिराकडून मदरबोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने लवकरात लवकर स्वच्छ करून घ्यावा.

फुटलेल्या पडद्याची दुरुस्ती बहुतेकांनी कारागिराकडूनच करून घेणे योग्य. काम देण्यापूर्वी बसवला जाणारा भाग मूळ उत्पादकाचा आहे, दुसऱ्या फोनमधून काढलेला आहे की पर्यायी बनावटीचा आहे, हे विचारावे, हमी किती दिवसांची आहे हे लिहून घ्यावे आणि शक्य असल्यास जुना भाग परत मागावा. काही उत्पादक सुटे भाग सॉफ्टवेअरने विशिष्ट फोनशी बांधून ठेवतात, त्यामुळे अस्सल भाग बसवूनही एखादी सुविधा बंद पडते. माझ्या मते ही अडवणूक ग्राहकावर आणि पर्यावरणावर सारखाच अन्याय करणारी आहे. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून लागू केलेल्या नियमांत महत्त्वाचे सुटे भाग मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही सात वर्षे उपलब्ध ठेवण्याचे बंधन घातले आहे, आणि हे पाऊल मला अत्यंत आवश्यक वाटते. पुढचा फोन निवडताना सुटे भाग आणि सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळतील, हा प्रश्न कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलआधी विचारावा.

चालू फोन दुसऱ्याला द्यायचा असेल, तर तो लवकर द्यावा, कारण कपाटात पडलेल्या फोनची बॅटरी झिजते आणि त्याचे अपडेट बंद होत जातात. देण्यापूर्वी बॅकअप घ्यावा, सिम आणि मेमरी कार्ड काढावे, गूगल किंवा ॲपलच्या खात्यातून बाहेर पडावे आणि त्यानंतरच फॅक्टरी रीसेट करावा. हा क्रम महत्त्वाचा आहे. खाते न काढता रीसेट केलेला फोन चोरीविरोधी कुलुपामुळे पुढच्या माणसाला वापरताच येत नाही, आणि असे कितीतरी धडधाकट फोन निव्वळ या कारणाने सुट्या भागांसाठी तोडले जातात.

देण्याजोगा राहिला नसेल, तरी फोन एखादे ठरावीक काम उत्तम करू शकतो. तो घरातील निगराणी कॅमेरा, गाणी किंवा श्राव्य पुस्तके ऐकण्याचे साधन अथवा संगणकाचा वेबकॅम होऊ शकतो. सुरक्षा अपडेट बंद झालेल्या फोनवर मात्र बँकेचे व्यवहार आणि मुख्य ईमेल ठेवू नये. काही मॉडेलवर लिनिएजओएससारखी अँड्रॉइडवर आधारलेली मुक्त (ओपन-सोर्स) प्रणाली बसवून नवे अपडेट मिळवता येतात, परंतु आपले मॉडेल तिच्या यादीत आहे का, हे आधी तपासावे. असा फोन चोवीस तास चार्जरला जोडलेला ठेवू नये. टायमरच्या साहाय्याने दिवसातून थोडाच वेळ चार्ज करावा, अन्यथा बॅटरी फुगण्याची शक्यता वाढते.

हे सर्व मार्ग संपल्यावरच फोन अधिकृत ई-कचरा संकलन केंद्राकडे द्यावा. तो घरच्या कचऱ्यात टाकल्यास कचरागाडीत दाबला जाऊन बॅटरी पेटू शकते. सुटी बॅटरी देताना तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी, आणि फुगलेली बॅटरी असल्यास तसे केंद्रातील कर्मचाऱ्यांना आधीच सांगावे, म्हणजे ती त्यांना इतर सामानापासून वेगळी ठेवता येईल.