ई-रीडर घेताना या चुका टाळा: आधी पुस्तकांची यादी, मग यंत्र

आत्या शाळेतून निवृत्त झाली तेव्हा आम्ही भाच्यांनी वर्गणी काढून तिला सहा इंची ई-रीडर घेऊन दिला. महिन्याभराने मिरजेला गेलो, तर तो कपाटात, खोक्यासकट. विचारलं तर म्हणाली, "अरे, मुंग्या वाचायच्या का मी?"

यंत्रात खोट नव्हती. खोट आमच्या खरेदीत होती. तिला काय वाचायचंय आणि ते कुठे, कुठल्या फाइलीत मिळतं, हे आम्ही कुणी विचारलंच नाही. किंमत बघितली, बॅटरी किती दिवस चालते ते बघितलं आणि मोकळे झालो.

यंत्र आधी ठरवणं

पुढच्या वर्षभरात वाचायची आहेत अशा दहा पुस्तकांची नावं कागदावर लिहा. प्रत्येकासमोर ते कुठे मिळतं ते लिहा. आत्याची यादी आम्ही अशी उशिरा केली: चार पुस्तकं ॲमेझॉनच्या किंडल दुकानात, तीन बुकगंगा या पुस्तकविक्रीच्या संकेतस्थळावर, दोन फुकट पीडीएफ आणि एक फक्त छापील.

किंडलवर मराठी पुस्तकं २०१६च्या डिसेंबरपासून रीतसर मिळायला लागली. पण प्रत्येक प्रकाशक तिथे गेलेला नाही. बुकगंगावरचं ई-पुस्तक त्यांच्याच ॲपमध्ये उघडतं. ते ॲप फोनवर, टॅबवर चालतं, किंडल किंवा कोबो या ई-रीडरांवर नाही. म्हणजे यादीतली निम्मी नावं तिकडची असतील तर ॲप टाकता येणारं, अँड्रॉइडवर चालणारं ई-इंक, म्हणजे कागदासारख्या पडद्याचं यंत्र लागेल, उदाहरणार्थ बूक्स (Boox) कंपनीचं. त्यात किंडलचं ॲपही चालतं. ते महाग पडतं, बॅटरी लवकर उतरते आणि पान उलटलं की आधीच्या पानाची पुसट सावली कधीकधी मागे राहते. तरी दोन्ही दुकानांतून वाचणाऱ्याला तेवढाच सरळ मार्ग आहे.

सहा इंचांवर पीडीएफ वाचायची हौस

आत्याच्या मुंग्या इथल्या. ई साहित्य प्रतिष्ठानची फुकट पुस्तकं, साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावरचे जुने ग्रंथ, हे सगळं मुख्यतः पीडीएफमध्ये असतं. पीडीएफ म्हणजे छापलेल्या पानाचा साचा. अक्षर मोठं केलं की ओळी नव्याने जुळत नाहीत, अख्खं पानच मोठं होऊन पडद्याबाहेर जातं.

हिशेब करून बघा. सहा इंची पडदा रुंदीला साधारण ९ सेंटिमीटर. ए-फोर पान २१ सेंटिमीटर. म्हणजे १२ पॉइंटचं अक्षर जेमतेम ५ पॉइंटचं दिसतं. डेमी आकाराचं पुस्तक १४ सेंटिमीटर रुंद असतं, तिथे तेच अक्षर पावणेआठच्या आसपास राहतं. तरणे डोळे तेवढं चालवून घेतील.

तात्पुरता उपाय म्हणजे यंत्र आडवं धरा आणि समास कापायची सोय असेल तर ती वापरा. पीडीएफच जास्त वाचणार असाल तर दहा इंचांच्या खाली बघू नका.

"मग ईपब करून घेऊ की" असं कुणीतरी म्हणतंच. ईपब म्हणजे अक्षर मोठं केलं की ओळी नव्याने जुळतात अशी फाइल. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलेलं कॅलिबर हे फुकट सॉफ्टवेअर हे काम करतं. पण मराठीत एक खोच आहे. युनिकोड ही सगळ्या यंत्रांना समजणारी अक्षरपद्धत रुळायच्या आधीची कितीतरी पुस्तकं श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये जुळवलेली आहेत. त्या फाइलीत डोळ्यांना 'क' दिसतो, पण आत साठवलेलं असतं भलतंच रोमन अक्षर. ईपब केली की फाँट गळतो आणि समोर येते चिन्हांची भेळ.

म्हणून आधी एवढं करा. संगणकावर पीडीएफमधलं एक वाक्य निवडा, कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठी आलं तर बदलून बघायला हरकत नाही, मात्र वेलांट्या आणि रफार जागेवर आहेत ना ते नीट पाहा, कारण पीडीएफमधून निघताना तेच आधी निसटतात. भेळ आली तर नाद सोडा. वाक्य निवडताच आलं नाही तर ते पान म्हणजे फोटो आहे.

फाइल टाकली, पण पुस्तक दिसत नाही

केबल लावून ईपब किंडलमध्ये टाकली तर ती यादीत येत नाही. यंत्र बिघडलेलं नसतं, त्याला ती फाइल थेट वाचता येत नाही. ॲमेझॉनच्या 'सेंड टू किंडल' या सेवेने पाठवा, तिथे ती बदलून येते. आधी मोबी (किंडलचा जुना फाइल-प्रकार) करा असं सांगणारे जुने सल्ले सोडून द्या, ती सेवा आता मोबी घेत नाही.

दुसरी तक्रार अशी की पुस्तक विकत घेतलं आणि उतरली ती एक-दोन केबीची फाइल, शेपटीला 'एसीएसएम'. ते पुस्तक नव्हे, ती पावती. ॲडोबी डिजिटल एडिशन्स या संगणकावरच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलीत की खरं पुस्तक उतरतं, नक्कल रोखणाऱ्या कुलपासह (डीआरएम), आणि मग कोबो किंवा पॉकेटबुक या ई-रीडरांवर जातं. किंडलवर हे कुलूप उघडत नाही. त्यामुळे खरेदीआधी दुकानाने 'ईपब' लिहिलंय एवढ्यावर समाधान मानू नका, कुलूप आहे का तेही बघा.

देवनागरी दिसते म्हणजे झालं, असं समजणं

विक्रेता हिंदी पान उघडून दाखवतो आणि आपण मान डोलावतो. मराठीची परीक्षा वेगळी घ्यावी लागते. मी एक ओळीची फाइल जवळ ठेवतो: "दुसऱ्या ॲम्ब्युलन्समधून किती ऱ्हस्व-दीर्घ वेळेवर पोहोचले?" अर्थ शोधू नका, अक्षरं बघा. 'दुसऱ्या'तला अर्धा र नीट जोडला जातो का. 'ॲ'च्या जागी चौकोन येतो का. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधीच्या फाँटना ते माहीतच नाही. आणि 'किती'तली पहिली वेलांटी क-च्या अलीकडे उभी आहे की पलीकडे जाऊन बसली.

चौकोन येत असेल तर दोष फाँटचा. किंडल आणि कोबो दोन्हींत 'फाँट्स' नावाच्या फोल्डरमध्ये आपला फाँट टाकता येतो. वेलांटी पळत असेल तर फाँट बदलून भागेलच असं नाही, तिथे अक्षरजुळणीच चुकतेय. कोबो साधी ईपब आणि स्वतःची केईपब या दोन वेगवेगळ्या पद्धतींनी दाखवतो, तेव्हा कॅलिबरमधून केईपब करून बघा, पुष्कळदा तेवढ्याने सुटतं.

विकत घेतलं म्हणजे आपलं झालं

मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं. पैसे परत दिले, पण पुस्तकं गेली. किंडलची पुस्तकं संगणकावर उतरवून केबलने नेण्याची सोय फेब्रुवारी २०२५ मध्ये काढून टाकली गेली. किंडल अनलिमिटेड ही वर्गणीची योजना तर सरळ वाचनालयच: एका वेळी वीस पुस्तकं, वर्गणी थांबली की परत. कुलूप नसलेली फाइल मिळत असेल तर तीच घ्या आणि दुसरीकडे एक प्रत ठेवा. मराठी विकिस्रोतावरची जुनी पुस्तकं ईपबमध्ये अशीच मोकळी मिळतात. आपल्याकडे लेखक गेल्यावर साठ वर्षांनी लेखन मुक्त होतं, त्यामुळे १९५० साली गेलेल्या साने गुरुजींचं साहित्य २०११ पासून सर्वांचं आहे.

परदेशी राहणाऱ्यांचा हिशेब निराळा. टोरांटोतल्या माझ्या चुलतभावाने कोबो घेतला, कारण त्याच्या गावच्या वाचनालयाची पुस्तकं ओव्हरड्राइव्ह या वाचनालयांच्या ई-पुस्तक सेवेतून थेट यंत्रात येतात. किंडलवर वाचनालयाचं पुस्तक घ्यायची सोय फक्त अमेरिकेत आहे. मराठीसाठी मात्र तो फोनच उघडतो.

राहता राहिली परतीची मुदत. यंत्र हातात आलं त्याच दिवशी आपल्या यादीतली एक पीडीएफ, एक ईपब आणि ती एक ओळ त्यावर उघडून बघा. आत्याने खोकं जपून ठेवलं होतं, बिलही होतं, पण मुदत उलटून दोन आठवडे झाले होते. तो ई-रीडर आता तिची नात इंग्रजी कादंबऱ्यांसाठी वापरते. आत्याला आम्ही दहा इंची घेतला, या वेळी यादी तिच्या हातात देऊन.