‘माझा पखवाज कुठं गेला रे?’

रेकॉर्डिंग मिक्स करताना लागणाऱ्या ईक्यू, कंप्रेसर, रिव्हर्ब, डिले या साधनांची नावं तुम्हाला माहीत आहेत असं धरून चालतो. मलाही माहीत होती. दोन वर्षं नुसती नावंच माहीत होती, हा भाग वेगळा.

गल्लीतल्या भजनी मंडळाचा एक अभंग घरीच रेकॉर्ड केला आणि रात्री दोनपर्यंत मिक्स करत बसलो. पखवाजावर कंप्रेसर, गळ्यावर कंप्रेसर, शेवटी सगळ्यावर मिळून आणखी एक. दर वेळी आवाज कसा भरदार व्हायचा! सकाळी पखवाजवाल्या काकांना ऐकवलं. अर्ध्यावर थांबवून त्यांनी विचारलं, “माझा पखवाज कुठं गेला रे?”

पखवाज होता. ‘धा’ची थाप तेवढी गेली होती, मागे नुसती घुमघुम.

आता नीट वाचा, कारण मी इथेच आपटलो. कंप्रेसर आवाज दाबतो. रेशो, म्हणजे दाबण्याचं प्रमाण, ४:१ असेल तर थ्रेशोल्डच्या, म्हणजे जिथून दाबणं सुरू होतं त्या पातळीच्या, ८ डेसिबल वर गेलेला आवाज २ डेसिबलच वर उरतो. म्हणजे कंप्रेसर लावल्यावर आवाज बारीक व्हायला हवा. मग मोठा का वाटला? कारण आउटपुट मीच चढवला होता, आणि काही प्लगिनमध्ये (कॉम्प्युटरवरच्या अशा साधनांत) मेकअप गेन, म्हणजे दाबलेला आवाज परत चढवणं, आपोआप लागतो. कान इथे फसतो. आवाज लहान असला की बेस आपल्याला कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच हे मोजून मांडलं होतं. आवाज नुसता दोन डेसिबल वाढवा, बेस भरतो आणि आपण म्हणतो, ‘वा, काय कंप्रेसर आहे!’ कंप्रेसरनं काडीचं काम केलेलं नसतं. म्हणून आधी आउटपुट खाली आणून बायपासशी, म्हणजे प्लगिन बंद असतानाच्या आवाजाशी, जुळवा. मग डोळे मिटून बायपास दाबत राहा, चालू की बंद ते विसरेपर्यंत. आता ठरवा काय बरं वाटतं ते. मी आजही हे करतो आणि निम्मे प्लगिन काढून टाकतो.

दुसरी माती ‘११७६’ या प्रसिद्ध कंप्रेसरच्या प्लगिन नकलेवर खाल्ली. त्याचा अ‍ॅटॅक (आवाज वाढल्यावर तो दाबायला लागणारा वेळ) सावकाश करायचा म्हणून बटण पार उजवीकडे फिरवलं. त्यात उजवीकडे म्हणजे जास्त वेगवान! आणि अगदी सावकाश ठेवला तरी ८०० मायक्रोसेकंद, मिलिसेकंदसुद्धा नाही. थाप तोंड उघडायच्या आत दाबली जाणारच. साधा कंप्रेसर घेऊन अ‍ॅटॅक ३० मिलिसेकंदांवर नेला, तेव्हा कुठे ‘धा’ परत आला.

प्रीसेट, म्हणजे तयार सेटिंग, विकणाऱ्या ‘गुरूं’पासून लांब राहा. त्यांनी तुमचा पखवाज ऐकलेला नाही. फुकट सल्ला देणारा वादक शंभर पटींनी बरा.

बाकीचं फारसं अवघड नाही, घाबरू नका. रिव्हर्ब (घुमारा) सेंडवर, म्हणजे मूळ आवाजापासून वेगळ्या वाटेवर, ठेवा आणि त्यातला २०० हर्ट्झखालचा भाग कापा, नाहीतर चिखल होतो. डिलेचा (प्रतिध्वनीचा) वेळ मिलिसेकंदांत काढायला ६०,००० भागिले लय. ८० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला ८० मात्रा असतील तर, एका मात्रेचे ७५० मिलिसेकंद. पहिले सहा महिने कान काहीच पकडत नाही, तेही चालतं.

नवा मिक्स घेऊन काकांकडे गेलो. पखवाजाला मान डोलावली. मग म्हणाले, “टाळ फार झालेत.”