झपाट्यानं वाढणाऱ्या मूळ संख्या : या चुका टाळा

इंदुरात कॉलेजच्या प्रोजेक्टांचे दिवस आले की मिल्सचा स्थिरांक हटकून निघतो. १.३०६३७७८८३८६३०८०६९०४… या संख्येचे ३, ९, २७, ८१ असे घात करा, दशांश भाग टाका, की २, ११, १३६१, २५२१००८८८७ या मूळ संख्या मिळतात. मुलं भुलतात ती इथंच.

एका ग्रुपनं १.३०६३७७ एवढंच घेतलं. सत्ताविसावा घात आला १३६०.९७, दशांश टाकून १३६०. सम संख्या, तरी फायलीत 'मूळ' म्हणून छापली. टोकलं तर उत्तर, "भिया, चल जाएगा." नाही चालत. खरा घात १३६१ च्या जेमतेम एक दशलक्षांशानं वर असतो. स्थिरांक किंचित खाली कापला की घसरलाच. १.३०६३७८ घेतलं असतं तर १३६१ बरोबर आलं असतं. म्हणून कापायचं तर शेवटचा अंक वर चढवून कापा. पंधरा दशांश अंक, १.३०६३७७८८३८६३०८०, घेऊनही ८१ वा घात २५२१००८८८६.९९९९ येतो, एकानं चुकलात.

मुळात हा स्थिरांक मूळ संख्यांवरूनच काढलेला आहे, त्यातून नव्या उपसायच्या नसतात. पूर्णांकांनीच चाला: घन करा आणि त्यापुढची पहिली मूळ संख्या शोधा. ११³ + ३० = १३६१, १३६१³ + ६ = २५२१००८८८७. तिच्या घनात ८० मिळवले की पुढची, २९ अंकी. पायथन या संगणक-भाषेतला पूर्णांक हे निमूट करतो. सी भाषेतला ३२ बिटांचा साधा इंट, म्हणजे ठरावीक मापाचा पूर्णांक, २५२१००८८८७ लाच ऋण करून टाकतो.

हा स्थिरांक रीमानचं गृहीतक (मूळ संख्या कशा विखुरल्यात याबद्दलचा, अजून सिद्ध न झालेला अंदाज) खरं धरून काढलाय, हे फायलीत लिहा.

दुसरा लाडका घोळ: २ हा पाया घेऊन फर्माची चाचणी (संख्येहून एकानं कमी एवढा २ चा घात त्या संख्येनं भागला की बाकी १ उरते का), आणि 'पास' म्हणजे मूळच, असं धरणं. फर्माच्या २^(२ⁿ) + १ या सगळ्याच संख्या त्या चाचणीत पास होतात, ४२९४९६७२९७ सुद्धा. ऑयलरनं १७३२ मध्ये तिचे ६४१ × ६७००४१७ असे अवयव पाडले. २^११ − १ = २०४७ = २३ × ८९ ही पण पास. निदान ३ चा पाया घ्या, दोन्ही पकडल्या जातात.

तिसरा घोळ: आधीच्या सगळ्यांचा गुणाकार अधिक एक, असं करत २, ३, ७, ४३ मूळ येतात, म्हणून पुढच्या २·३·७·४३ + १ = १८०७ ला मूळ म्हणू नका; ती १३ × १३९.