लॅबची वही घरी जाऊन लिहू नका

बहुतेक जणांची वही घरी तयार होते. लॅबमध्ये रीडिंग फिल्टर पेपरच्या कोपऱ्यावर, तळहातावर, नाहीतर मोबाईलमध्ये, आणि मग रात्री बसून छान अक्षरात सगळं उतरवायचं. दिसायला वही एकदम भारी होते, पण उतरवताना २४.८५ चं २४.५८ कधी झालं कळतच नाही आणि तपासायला जावं तर मूळ कागद कचऱ्यात गेलेला असतो. त्यामुळे बाकी काही नाही जमलं तरी एवढं करा, आकडा दिसला की थेट वहीत, पेनने, तिथल्या तिथे. अक्षर वाकडं आलं तर येऊ दे, डाग पडला तर पडू दे.

वही बाइंड केलेली घ्या, स्पायरल नको, त्यातून पानं सहज फाटतात. पहिल्याच दिवशी सगळ्या पानांना नंबर टाकून मोकळे व्हा आणि सुरुवातीची दोन पानं इंडेक्सला सोडा. पेन साधं बॉलपेन. फाउंटन पेनची आणि काही जेल पेनांची शाई पाण्याचा थेंब पडला की पसरते (ॲसिटोन सांडलं तर बॉलपेनची पण जाते, तेव्हा बाटलीला खेटून वही उघडी ठेवू नका).

लॅबला जायच्या आधी लिहायचं ते थोडंच असतं: तारीख, प्रयोगाचं नाव, एका ओळीत उद्देश, बॅलन्स केलेली रिॲक्शन, आणि केमिकल्सचं छोटं टेबल, म्हणजे मोलर मास (एका मोलचं ग्रॅममधलं वजन), किती घ्यायचं, कॉन्सन्ट्रेशन, आणि कशापासून जपायचं ते. प्रोसिजर मॅन्युअलमधून जशीच्या तशी उतरवू नका, हात दुखतो आणि डोक्यात काहीच जात नाही. आपल्या शब्दांत छोट्या छोट्या स्टेप्स लिहा, त्या पण पानाच्या डाव्या अर्ध्यात. उजवा अर्धा रिकामा ठेवायचा, तिथे प्रत्यक्षात काय केलं ते येतं. डावीकडे ‘१० मिनिटं गरम करणे’ आणि उजवीकडे ‘१४ मिनिटं केलं, मधे हीटर बंद पडला होता’. नंतर यील्ड (हाती आलेला माल) कमी आला की कारण शोधायला याच उजव्या बाजूकडे यावं लागतं.

आता आकडे, खरा घोळ इथेच होतो. समजा केएचपी (पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट, अचूक वजन करून घेता येणारा आम्लधर्मी क्षार) वापरून सोडियम हायड्रॉक्साइड स्टँडर्डाइज करताय, म्हणजे त्याचं नेमकं कॉन्सन्ट्रेशन काढताय. (बाटलीवर ०.१ मोलर लिहिलेलं असतं, पण सोडियम हायड्रॉक्साइड हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही ओढून घेतं म्हणून लेबलवर विसंबून चालत नाही.) केएचपीचं वजन ०.५१०४ ग्रॅम आलं तर चारही दशांश लिहा, ०.५१ नाही. सोडियम हायड्रॉक्साइड ब्युरेटमधून, म्हणजे खुणा असलेल्या तोटीच्या काचनळीतून, घालायचं; तिचं सुरुवातीचं रीडिंग ०.३५ मिली, शेवटचं २५.२० मिली, फरक २४.८५. खूप जण फक्त फरक लिहितात, मग वजाबाकी चुकली असेल तर ती सापडणार कुठून? दोन्ही रीडिंग लिहायचीच. आणि २५.२० मधलं ते शेवटचं शून्य खाऊ नका, नेहमीच्या ५० मिलीच्या ब्युरेटवर खुणा ०.१ मिलीच्या असतात आणि पुढचा आकडा आपण नजरेने अंदाजतो, तेव्हा शून्य लिहिलं म्हणजे तुम्ही तो बघितलाय. गणित पण वहीतच करा: ०.५१०४ भागिले २०४.२२ (केएचपीचा मोलर मास) म्हणजे ०.००२४९९ मोल, सोडियम हायड्रॉक्साइडचे पण तेवढेच मोल लागतात, त्याला ०.०२४८५ लिटरने भागलं की ०.१००६ मोलर.

याच टायट्रेशनमध्ये (ब्युरेटमधून थेंबथेंब घालत किती लागलं ते मोजण्यात) तेच परत परत करताना एखादं रीडिंग बाकीच्यांशी जुळत नाही. अशा वेळी ते गायब करायचा मोह सगळ्यांनाच होतो. फिनॉल्फ्थॅलिनचा (रंग बदलून खूण देणारं इंडिकेटर) फिका गुलाबी रंग साधारण ३० सेकंद टिकला की एंड पॉइंट, म्हणजे तिथे थांबायचं, आणि एखाद्या वेळी एकदम गडद गुलाबी झालं तर तेव्हाच शेजारी लिहा, ‘गडद झालं, जास्त पडलं’. मग ते रीडिंग सरासरीतून वगळायला कारण आहे, आणि तरी ते टेबलमध्ये दिसलं पाहिजेच. नुसतं जुळत नाही म्हणून उडवलं तर ती चक्क बनवाबनवी.

ऑब्झर्वेशनमध्ये ‘रंग बदलला’ एवढंच लिहून काही होत नाही. कॉपर सल्फेटमध्ये अमोनिया घातला तर आधी फिका निळसर साका येतो, अजून घातला की तो विरघळून गडद निळं द्रावण होतं. कशाचं काय झालं, किती घातल्यावर, ते सगळं हवं. काहीच झालं नाही तर ‘काही बदल नाही’ हे पण लिहा. रीडिंग पार्टनरने घेतलं असेल तर त्याचं नाव टाका. मशीनचा प्रिंट चिकटवला तर सही अर्धी प्रिंटवर अर्धी पानावर येईल अशी करा, आणि फाइल कॉम्प्युटरमध्येच असेल तर तिचं नाव लिहून ठेवा.

चूक झाली तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी, शेजारी बरोबर आकडा आणि छोटी सही. व्हाइटनर नाही, गिरगटणं नाही, पान फाडणं तर नाहीच. हे नियम उगाच कडक नाहीत, अमेरिकेत मार्च २०१३ पर्यंत पेटंट आधी शोध लावणाऱ्याला मिळायचं आणि तारीख, सही, साक्षीदार असलेली वही तिथे पुरावा म्हणून चालायची.

एक सवय मायकेल फॅरेडे या जुन्या इंग्रज शास्त्रज्ञाकडून घेण्यासारखी आहे. तो आपल्या डायरीतल्या नोंदींना ओळीने नंबर देत गेला, ते पार १६,००० च्या वर गेले. आपल्याला तेवढे लागत नाहीत, पण नोंदींना नंबर असले की पुढच्या प्रयोगात ‘हे द्रावण नोंद ४२ मधलं’ एवढं लिहून भागतं, आणि बाटलीच्या लेबलवर पण तोच नंबर टाकता येतो.

निघताना शेवटच्या ओळीखाली उरलेल्या जागेवर तिरकी रेघ, सही, तारीख, आणि त्या दिवसाच्या पानांचे मोबाईलवर फोटो काढून घ्या, कारण वही भिजते, हरवते, नाहीतर कोणीतरी ‘पाच मिनिटांत देतो’ म्हणून घेऊन जातो.